अर्ध्या चेहऱ्याची राखण

देव आपल्याच माणसाला मारतो का, हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो देवळात, आणि तोही हातात शंख असताना. आमचं घराणं गुरवाचं. चौलच्या पलीकडे सुपारीच्या वाड्यांत दडलेलं आमचं लहानसं गाव, आणि तळ्याच्या काठी महादेवाचं कौलारू देऊळ. पहाटे दार उघडायचं, पिंडीवर पाणी घालायचं, बेल वाहायचा आणि शंख फुंकायचा, हे काम वडिलांच्या मागे माझ्याकडे आलं. माझा शंख झाला की गावातल्या बायका चुली पेटवायच्या. मासेमारीहून परतणारे कोळी म्हणायचे की गुरवाचा शंख पार खाडीच्या तोंडाशी ऐकू येतो. हे ऐकलं की माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू. देवाला लोक फुलं देतात, नारळ देतात. मी श्वास देतो, अशी माझी समजूत होती.

मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. कार्तिकातल्या एका थंड पहाटे मी शंख ओठाला लावला, छातीभर वारा घेतला आणि फुंकणार, तोच डाव्या ओठापासून कानापर्यंत एक कळ गेली. कळ हा शब्द फार गरीब आहे. आतून कुणीतरी गळ अडकवला आणि दोरीला हिसका दिला, असं झालं. मी नंदीला टेकून खाली बसलो. जितक्या चटकन ती आली तितक्याच चटकन गेली, आणि गाल असा स्वच्छ झाला की मला स्वतःचीच शंका आली. पुन्हा शंख उचलला. पुन्हा तेच. त्या दिवशी गावातल्या चुली उशिरा पेटल्या. मी पिंडीकडे बघत राहिलो. दुखायचं तर पाठ होती, गुडघे होते. नेमकं शंखाच्या जागीच का, बाबा?

पुढे पुढे त्याला शंखाचीही गरज राहिली नाही. गार पाण्याचा शिंतोडा, दातांना लागलेला भाताचा कण, कुणाला दिलेलं उत्तर, एवढं पुरे. सर्वांत मोठा वैरी म्हणजे वारा. समुद्राकाठच्या माणसाने वाऱ्यापासून लपायचं म्हणजे माशाने पाण्यापासून लपण्यासारखं आहे. दुपारी खारा वारा सुटला की मी घराच्या मागच्या पडवीत, कणगीच्या आडोशाला, डोक्यावरून उपरणं घेऊन बसे. उपरणंही गालाला टेकता कामा नये, म्हणून ते दोन्ही हातांनी तंबूसारखं धरून ठेवायचं. डाव्या बाजूची दाढी वाढली, उजवी केलेली. न्हाव्याने डावीकडे वस्तरा नुसता दाखवला तरी मी ओरडायचो. पोटात भूक असायची आणि घास तोंडाशी आला की भीतीनेच तोंड मिटायचं. आमचं कुटुंब (तिचं नाव जानकी, पण मी उभ्या जन्मात कधी ते मोठ्याने घेतलेलं नाही) पेज निववून, गाळून, उजव्या कोपऱ्यातून घोट घोट घ्यायला लावी. माझी बरगडी न बरगडी मोजता येऊ लागली. अंगात ताप नाही, कुठे सूज नाही, जखम नाही. जे दिसत नाही त्यावर लोकांनी विश्वास तरी किती ठेवायचा?

उपाय सगळे झाले. आमचे वैद्यबुवा विद्वान माणूस. त्यांनी नाडी पाहून सांगितलं, हा अनंतवात. नाव त्यांनी बरोबर सांगितलं, हे मला आता कळतं, आणि नावाप्रमाणेच त्याला अंत नव्हता. नाकात तुपाचे थेंब घातले, कपाळाला सुंठीचा लेप लावला. कुणी कानामागे डाग द्यायला सांगितलं. तापलेल्या सळईचा तो चटका मी हूं न करता सोसला, कारण मूळ दुखण्यापुढे तो चटका म्हणजे मुंगी. मग दाताचं खूळ निघालं. अलिबागेस दात काढणारा एक गृहस्थ होता. त्याने डावीकडची खालची दाढ काढली, आणि नवल असं, की कळ थांबली. पंधरवडाभर थांबली! आम्ही देवाला अभिषेक केला, मी शंख फुंकला, कुटुंबाने गुळाचा सांजा केला. मग एका सकाळी कळ परत आली. आता मला वाटू लागलं, शेजारचीही दाढ किडलेली असणार. तीही काढली. मग तिच्या पलीकडची. हे दुखणं मधूनमधून आपण होऊन झोपी जातं, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते झोपलं की आम्ही उपटलेल्या दाढेला यश द्यायचो, आणि जागं झालं की पुढच्या दाढेवर आरोप. अशी माझी सगळी डावी बाजू बोडकी झाली आणि चोर मात्र घरातच राहिला.

शंख सखारामकडे गेला. सखाराम माझा चुलतभाऊ. भला माणूस, पण त्याचा श्वास आखूड. पहाटे पडवीत बसून तो तुटका आवाज ऐकताना मला जे व्हायचं ते गालातल्या कळेहून वेगळं होतं, पण कमी नव्हतं. गावात कुजबुज सुरू झालीच. गुरवाकडून काहीतरी चुकलं, देवाने त्याचा श्वास नाकारला. शेवटी चार म्हाताऱ्यांनी ठरवलं, देवाला कौल लावू या. आमच्याकडे अडल्या गोष्टीत देवालाच विचारतात. पिंडीमागच्या मुखवट्यावर उजवीकडे नि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा कौल लावायचं काम गुरवाचं. आजवर गावाची लग्नं, वाटण्या, हरवलेली गुरं, सगळं मी देवाला विचारलं होतं. माझ्यासाठी सखारामने विचारलं. हा कोप आहे का? मी उपरण्याच्या तंबूत बसून पाकळ्यांकडे बघत होतो. सकाळची दुपार झाली. म्हाताऱ्यांना भुका लागल्या. पाकळी डावी पडली नाही, उजवी पडली नाही. दोन्ही जागच्या जागी सुकून गेल्या.

नकारही मी सोसला असता. पण देव बोललाच नाही, हे मला फार लागलं. दुसऱ्यांसाठी इतकी वर्षं बोलला आणि माझ्या वेळेला गप्प! घरी येऊन मी कुटुंबाला म्हटलं की आता मला पेजही नको. मनात नको ते विचार येत होते, आणि मागच्या दारची विहीर दिवसातून किती वेळा माझ्या डोळ्यांसमोर यायची ते माझं मला ठाऊक. तिने ते ओळखलं असावं. ती चुलीपुढून उठली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"देव बोलत न्हाय म्हंजे नको म्हनत न्हाय," ती म्हणाली. "तो गप हाय तंवर आपून चालू या. माजा दादा हाय मुंबैला. तितं मोठी इस्पितळं हायत. परवा रेवदंड्याशी मचवा भरतोय सुपारीचा, मी इचारून आलंय."

विचारून आली होती! जिने उभ्या आयुष्यात अलिबागेच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, ती बंदरावर जाऊन मचव्याच्या तांडेलाशी बोलून आली होती. मला होकार द्यायला तोंडही उघडवेना. मी नुसती मान हलवली.

मचव्यात चढलो खरा, पण समुद्र म्हणजे वाऱ्याचं माहेर. किनारा सोडून जरा बाहेर पडलो नाही तोच पहिला झोत गालावर आला. मी सुपारीच्या पोत्यावर पालथा पडलो. कुटुंबाने घोंगडी धरली, तर तीच फडफडून गालाला लागे. कळेवर कळ येत होती. उतारू बघत होते, कुणी म्हणत होतं झपाटलाय, कुणी म्हणत होतं फेपरं. मी महादेवाला म्हणालो, आता ने. खरंच म्हणालो.

मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ, एक वयस्क मुसलमान गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, डोक्याला गोल टोपी, बोटीवर आयुष्य घालवलेल्या माणसाचे ते रापलेले हात. म्हसळ्याकडचे राहणारे, आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, म्हातारपणी घरी बसलेले आणि मुंबईला मुलाकडे निघालेले. हे सगळं मागाहून कळलं. लोक त्यांना इब्राहिमचाचा म्हणत. ते उठून माझ्यापाशी आले. त्यांनी मला हात लावला नाही. मी त्यावरूनच चमकलो, कारण मदतीला येणारा प्रत्येक जण आधी गालाला हात लावी. ते नुसते वाकून बघत राहिले आणि कुटुंबाला विचारलं, "बाई, ह्यांचा डावाच गाल ना? वारा लागला की येतो नि पलभरात जातो?"

तिने हो म्हटलं. चाचांनी तांडेलाला हाक मारली. जुन्या शिडाचा एक तुकडा मागवला आणि पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये तो असा ताणून बांधला की कनात झाली. शिवाय कापडाला ओलं केलं, म्हणजे ते जड होऊन फडफडू नये. इतकी बारीक गोष्ट आम्हाला दोन वर्षांत सुचली नव्हती. "आता ह्या आडोशाला सरका गुरव. हितं वारा येयाचा न्हाय. मुंबै येईपत्तूर मी हितंच बसतो." आणि ते बसले, पाठ वाऱ्याकडे करून, कनातीच्या उघड्या बाजूला. वारा अडवायला त्यांनी स्वतःचं अंग लावलं होतं. बाजूलाच दुपारची नमाजही त्यांनी अदा केली आणि पुन्हा त्या जागी येऊन बसले.

त्यांच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारा एक खलाशी होता, त्याला हेच दुखणं होतं. "गालावर फुंकर मारली तरी गडी डेकवर लोळायचा. आम्हाला वाटला सोंग करतोय. मग मुंबैच्या इस्पितळात एक डाक्टर भेटला, त्येनं सुई मारली. तो गडी परत भट्टीवर आला. मी डोळ्यांनी बघितलाय." मग ते म्हणाले, "अल्लानं मला आज ह्याच मचव्यात कशाला बसवला, ते आता समजला."

मी कनातीच्या आत पडलो होतो. कितीतरी दिवसांनी गाल शांत होता. शंकर गप्प राहिला असं मी म्हणत होतो, आणि त्याचं उत्तर माझ्यासमोर वाऱ्याकडे पाठ करून बसलं होतं. हे मी तेव्हा ओळखलं असं नाही. तेव्हा मी फक्त झोपलो, लहान मुलासारखा, भर दुपारी.

मुंबईत रात्र मेहुण्याच्या घरी काढली. दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः आम्हाला इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरसाहेब उंच, किडकिडीत, बोलणं तुटक, पण डोळे असे की माणूस आत येतानाच त्यांनी अर्धं काम केलेलं असावं. मी दारातून आलो तो उपरण्याचा तंबू धरून. त्यांनी मला खुर्ची दिली, वर फिरणारा पंखा बंद करायला सांगितला, आणि मगच विचारलं, काय होतं? पंखा बंद झाला तिथेच मी त्यांना शरण गेलो. तोंडात बघून ते म्हणाले, "दाढा कुणी काढल्या?" मी सांगितलं. "बिचाऱ्या निरपराध गेल्या," ते म्हणाले, आणि कुटुंबाला हसू आलं. कितीतरी महिन्यांत ती हसली नव्हती.

त्यांनी कागदावर चेहरा काढून दाखवला. कवटीच्या तळातून एक शीर निघते, तिच्या तीन फांद्या, आणि माझी खालची फांदी उगाच बोंब मारते. जखम नसताना जखम झाल्याची वर्दी देते. गालातून लांब सुई थेट त्या शिरेपर्यंत न्यायची आणि तिथे औषध सोडून तिला निजवायचं. कायमची निजेल असं ते म्हणाले नाहीत. काही वर्षं निजेल, मग बघू. आणि किंमत अशी, की डावा ओठ नि गाल बधिर होईल. घास चावताना जपायचं, दाढी करताना जपायचं. मी विचारलं, शंख फुंकता येईल का? "ओठ हलेल," ते म्हणाले, "पण तुम्हाला तो कळणार नाही. शंखाचं मला सांगता येत नाही." न कळणारं न कळणारं म्हणून सांगणारे शहाणे मी थोडे पाहिले आहेत.

मी तेही पत्करलं. मग देवाजवळच्या माणसाला जी खोड असते तिने मी विचारलं, औषध कशाचं? ते सहज म्हणाले, "मद्यार्क. जवळजवळ निव्वळ."

मी उठून उभा राहिलो. आमच्या घराण्यात दारूचा थेंब कुणी ओठाला लावलेला नाही. पिंडीला हात लावणाऱ्याचा तो नेम आहे. मोडला तर देऊळ सोडायचं. आणि ही दारू पोटात नव्हे, डोक्यात जाणार, जिथे मंत्र राहतात तिथे. डॉक्टरांना वाटलं असतं तर ते नुसतं औषध म्हणून निभावून नेऊ शकले असते. ते रागावलेही नाहीत. "शीर मला कळते, देऊळ तुम्हाला कळतं," ते म्हणाले. "विचार करा. मी संध्याकाळपर्यंत आहे."

बाहेर व्हरांड्यात मी बाकावर बसलो आणि सांगितलं, घरी चला. चाचा एवढंच म्हणाले की आम्हालाही ती हराम, पण जीव वाचवायला मनाई न्हाय, असा आमचे मौलवी सांगतात. तुमचा धरम तुमी जाना. मी नकाराची मान हलवली. दोन वर्षांचं दुखणं संपायचं दार समोर उघडं होतं आणि मी उंबरठ्यावर बसून राहिलो होतो. गाल ठणकला आणि मी बाकाची कड घट्ट धरली. तेव्हा कुटुंब माझ्यासमोर खाली बसली.

"एक इचारू? वर्साची राखन असते, तवा वेशीवर वेताळाला दारूची धार कोन घालतो?"

मी म्हटलं, मी घालतो. गावाबाहेरच्या राखणदाराला वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा, म्हणजे तो वेशीवरच थांबतो, गावात शिरत नाही. हे कामही गुरवाकडेच.

"नि धार घालून काय करता?"

"अंघोळ करतो नि देवळात जातो."

"मग? तवा न्हाय तुमचा नेम मोडत? दारू तुमी पीत न्हाय, ज्याची त्याला देता." तिने माझ्या गालाकडे बोट केलं, लांबूनच. "हा जो कोन आत शिरलाय, तो वेशीच्या आत आलाय. त्याचा मान त्याला देऊ दे डाक्टरला. राखनच हाय ही. तुमच्या मुंडक्याची."

चाचा खो खो हसले. मी हसलो तर कळ आली, कळ आली तरी हसू थांबेना. माझ्या बायकोला अक्षरओळख नाही. शास्त्रार्थ करायला बसलेल्या ब्राह्मणांना मी पाण्याचे तांबे नेऊन दिले आहेत, त्यांचे वाद ऐकले आहेत. पण इतका सरळ, इतका आमच्या मातीतला निर्वाळा मी ऐकला नव्हता. कौल लावताना ज्या मुखातून उत्तर यावं म्हणून मी डोळे लावून बसलो होतो, ते मुख रोज माझ्यासाठी पेज निववत होतं. मी उठलो आणि आत गेलो.

सुई मारताना माणसाला जागंच ठेवतात. कळ नेमकी कुठे गेली हे त्यानेच सांगायचं असतं. डॉक्टर म्हणाले, "सुई शिरेला लागेल तेव्हा आजवरची सर्वांत मोठी कळ येईल. तुम्ही हललात तर जागा चुकेल. ती आली की फक्त डावा हात उचला." म्हणजे ज्याच्यापासून दोन वर्षं पळालो, त्याची आता वाट बघत स्थिर पडायचं. मी डोळे मिटले आणि नाव घेत राहिलो. सुई आत सरकत होती, थांबत होती, जरा वळत होती. त्यांचा हात, काय सांगू, पिंडीवर पाण्याची धार धरताना माझ्या वडिलांचा हात तसा असायचा. घाई नाही, कंप नाही. मग ती आली. मी किंचाळलो नाही. पहिल्यांदाच मी तिला म्हणालो, ये. डावा हात उचलला. "सापडली," डॉक्टर पुटपुटले. आत जळजळीत काहीतरी पसरलं, ओठ जड झाला, गाल जड झाला, आणि आगीवर राख धरावी तसं सगळं हळूहळू विझत गेलं. त्यांनी गालावर टाचणी टोचली, फुंकर घातली, वर पंखा सुरू करायला सांगितला. मी छताकडे बघत होतो. पंखा फिरत होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते उजव्या गालावर कळत होतं, डाव्यावर नाही.

परतीच्या मचव्यात मी उघड्यावर बसलो, तोंड समुद्राकडे करून. खारा वारा अंगावर घेत होतो. एखाद्याने आयुष्यभराचा शत्रू ओळखीचा करून घ्यावा तसं वाटत होतं.

गावात पोचलो, अंघोळ केली आणि संध्याकाळच्या पूजेला देवळात गेलो. सखारामने शंख माझ्या हातात दिला. गाव जमला होता. मी छातीभर वारा घेतला आणि फुंकला, आणि शंखातून म्हशीच्या रेडकासारखा आवाज आला. ओठाची डावी बाजू कुठे आहे तेच मला कळत नव्हतं. अर्धा वारा तिथून निसटत होता. पुन्हा फुंकला, पुन्हा तेच. पोरं हसली, एका म्हातारीने पदर डोळ्याला लावला. मी शंख सखारामला परत दिला आणि कुणाकडे न बघता घरी आलो. दुखणं गेलं, पण ज्यासाठी जायला हवं होतं तेच गेलं, असं काहीसं मनात घोळत होतं. कृतघ्नपणा म्हणा, पण माणसाचं मन असंच आहे.

पानावर बसलो. किती दिवसांनी आमटी-भात! मी उजवीकडून चावत होतो, मान खाली घालून. कुटुंब समोर वाढायला बसली होती. मी जेवत असताना तिचा हात सहज पुढे आला आणि तिने बोटांनी माझ्या डाव्या गालावरून काहीतरी पुसलं. भात ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला होता आणि मला पत्ता नव्हता.

पुसल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने हात आवरला आणि दोन्ही हात छातीशी धरून मी ओरडण्याची वाट बघत राहिली. दुखणं सुरू झाल्यापासून तिने माझ्या तोंडाला बोट लावलेलं नव्हतं. मीही श्वास रोखला. सवयच तशी जडली होती. आणि काही झालं नाही. काहीच झालं नाही. मी म्हटलं, पुन्हा लाव. तिने भीत भीत सबंध पंजा माझ्या गालावर ठेवला आणि मग ती रडू लागली, मोठ्याने, शेजारी ऐकतील याची फिकीर न करता. मला तिचा हात दिसत होता, पण जाणवत नव्हता. ना ऊब, ना खरखर, ना वजन. पण तो होता. डोळे मिटले असते तर मी पैजेवर सांगितलं असतं की माझ्या गालावर कुणाचाही हात नाही, आणि मी साफ चुकलो असतो.

त्या पानावरच मला माझ्या कौलाचं उत्तर मिळालं. देवाचा हात मला जाणवला नाही म्हणून तो नव्हताच, असं मी धरून चाललो होतो. पाकळी पडली नाही एवढंच मी पाहिलं. पण तो मचव्यात पाठ वाऱ्याकडे करून बसलेला होता, पंखा बंद कर म्हणून सांगणारा होता, वेताळाची आठवण करून देणारा होता. बधिर मी होतो.

पुढे हळूहळू मी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून शंख फुंकायला शिकलो. आवाज पूर्वीसारखा नाही. खाडीच्या तोंडाशी जात नाही, तळ्याच्या पलीकडे कसाबसा पोचतो. पहाटेचा शंख सखारामचाच ठेवला आहे, संध्याकाळचा माझा. इब्राहिमचाचांकडे नारळ नि सुपारी घेऊन गेलो, तर ते म्हणाले, "मी काय केला? वारा अडवला, बस." डॉक्टरसाहेबांना दर श्रावणात बेलाचं पान पाठवतो, ते त्याचं काय करतात ठाऊक नाही. शीर पुन्हा जागी होईल, हे त्यांनी सांगून ठेवलं आहे. होईल तेव्हा होईल. तेव्हाही भीती वाटेल, ओरडेनही, पण देव गप्प आहे असं आता म्हणणार नाही. संध्याकाळी पूजा आटोपून घरी आलो की कुटुंब अजून कधी कधी माझ्या डाव्या गालावर हात ठेवून विचारते, कळतंय का? मी दरवेळी म्हणतो, कळत नाही, पण काढू नको.